‘मुंबई-पुणे-मुंबई’ : निनावी संवादातील ‘तुम्ही’

सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) या चित्रपटाविषयीचे मतभेद मुख्यतः त्याच्या अखंड संभाषणावरून आहेत. मुंबईची एक मुलगी पुण्यात स्थळ पाहावयास, खरे म्हणजे नाकारावयास, येते. पत्ता विचारताना एका पुणेकर तरुणाशी गाठ पडते आणि दिवसभर दोघे बोलत राहतात. मुक्ता बर्वे व स्वप्नील जोशी यांच्या अभिनयाची प्रशंसा करणारेही पुढे विचारतात, की यात चित्रपट कोठे आहे? दुसरा आक्षेप ऋणाचा. रिचर्ड लिंकलेटर यांच्या ‘बिफोर सनराइज’ची (१९९५) ही देशी आवृत्ती होय, असे म्हटले जाते.

ऋण मान्य करण्यास हरकत नाही. परंतु व्हिएन्नातील त्या संभाषणास जी अडचण नव्हती ती येथे आहे. इंग्रजीत समोरच्या व्यक्तीसाठी एकच सर्वनाम पुरते. मराठीत अनोळखी समवयस्कास ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. आणि ‘तू’ म्हटले की ‘येतोस’, ‘येतेस’ हा भेद समोर पुरुष आहे की स्त्री याचा क्षणभरही विसर पडू देत नाही. त्यातून या दोघांना नावेच दिलेली नाहीत. हाक मारण्याची सोय नसता बोलणे चालावे कशावर?

ते चालते नगरांवर. मुंबईकर आणि पुणेकर हा वाद पु. ल. देशपांडे यांच्या लेखनामुळे घरोघरी पोहोचलेला, म्हणून तो येथे शिळा व केवळ हशा पिकविण्यासाठी योजलेला वाटण्याचा संभव आहे. मला तो चित्रपटाचा कणा वाटतो. ‘तुम्ही पुणेकर’ यातील ‘तुम्ही’ आदरार्थी नव्हे, अनेकवचनी आहे. त्याच्या आडून समोरच्या एकाच माणसास नेमके टोचता येते, आणि आपण साऱ्या शहराविषयी बोलत होतो असे म्हणून माघारही घेता येते. सलगीची मुभा नसलेल्या दोघांना भांडणाची मुभा आहे. त्यांची सलगी या भांडणातच वाढते. घटना नाही म्हणणाऱ्यांनी ही घटना पाहिलेली नाही.

२०१५ च्या उत्तरभागात विवाहाच्या तयारीबरोबर दोन्ही घरची माणसे येतात, आणि त्यांच्याबरोबर गौतम व गौरी ही नावेही. नातेवाइकांत निनावी राहणे अशक्यच. पण नाव मिळताच अनेकवचनाचा आडोसा जातो, आणि संवाद पुष्कळसे इतर कौटुंबिक चित्रपटांसारखे होतात.

पहिल्या चित्रपटावर माझा आक्षेप वेगळा आहे. विलेपार्ल्यात तो विद्यार्थ्यांसमवेत पाहिला तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ही मुलगी मुंबईची कशी? ही तर आपल्या पार्ल्यातली वाटते.” प्रश्न मार्मिक होता. पार्ले टिळक विद्यालय आणि लोकमान्य सेवा संघ यांचा अभिमान बाळगणाऱ्या पार्ल्याचा एक पाय पूर्वीपासून पुण्यात आहे, (पु. लं.चे बालपणही येथलेच.) चित्रपटातील दोन्ही नगरे एकच प्रमाणभाषा बोलतात. गिरणगावाची मराठी, मालवणी, कोळीवाड्यांतील बोली यांतील एकीचाही उच्चार या ‘मुंबई’त ऐकू येत नाही, आणि पुण्याच्या बाजूसही सदाशिव पेठेपलीकडचे पुणे फारसे बोलत नाही. भांडण दोन शहरांचे म्हणून मांडले आहे. भाषेच्या पुराव्यावरून ते एकाच आळीतील दोन घरांचे ठरते.