चिमट्याचं चुंबकत्व

मी ते रापाला राहते. हॅमिल्टनचा हा उत्तरेकडचा भाग दूध पावडरच्या मोठ्या कारखान्यामुळे ओळखला जातो. पाऊण तासावर रॅगलनचा काळ्या वाळूचा किनारा आहे. त्या वाळूत टायटॅनोमॅग्नेटाइट आहे, म्हणून ती काळी. चुंबक घेऊन गेलात तर त्याला वाळूच्या मिशा फुटतात. घरी आल्यावर ती बुटात, गाडीत, पार कपड्यांच्या शिवणीत सापडते. ती माझ्याबरोबर प्रयोगशाळेत जाईल, अशी मला कायम धास्ती असते. ही धास्ती अगदीच वेडेपणाची नाही, आणि ती का हे सांगायला एका जुन्या पेपरबद्दल बोलावं लागेल.

२००६ मध्ये बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधले ए. सुंदरेसन, सी. एन. आर. राव आणि सहकारी यांनी 'फिजिकल रिव्ह्यू बी'मध्ये एक धाडसी दावा केला. सिरियम, ॲल्युमिनियम, झिंक, इंडियम आणि टिन यांची ऑक्साइडं एरवी चुंबकीय नसतात. पण त्यांचे ७ ते ३० नॅनोमीटरचे कण केले की ती खोलीच्या तापमानालाही फेरोमॅग्नेटिक होतात, म्हणजे साधारण लोखंडासारखी वागतात. कारण काय? कणाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात, तिथे अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकमेकांशी जुळतात. शीर्षकातच या गुणधर्माला 'सार्वत्रिक' म्हटलंय. कल्पना सुंदर आहे, यात वाद नाही. माझं भांडण त्या एका शब्दाशी आहे.

जरा हिशेब करून बघा. अशा पावडरींमधून येणारा संकेत बऱ्याचदा ग्रॅममागे एक हजारांश इएमयूच्या आसपास असतो. मॅग्नेटाइटचा असतो ग्रॅममागे सुमारे ९२ इएमयू. तुमचा नमुना ५० मिलिग्रॅमचा असेल, तर तेवढा संकेत द्यायला अर्धा मायक्रोग्रॅम मॅग्नेटाइट पुरतं. म्हणजे जेमतेम ४५ मायक्रोमीटरचा एकच कण! रॅगलनच्या वाळूचा साधा दाणाही याहून मोठा असतो.

आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २००४ मध्ये डब्लिनच्या मायकल कोई यांच्या गटाने हाफ्नियम ऑक्साइडच्या पातळ थरांत चुंबकत्व सापडल्याचं 'नेचर'मध्ये लिहिलं. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या तिघांनी दाखवलं की शुद्ध थरात काहीच सापडत नाही, पण तोच थर स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने धरला की तसाच संकेत येतो.

मला हे वाचून हसू येत नाही. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी झिंक ऑक्साइडमध्ये मलाही असाच सुरेख हिस्टेरेसिसचा लूप मिळाला होता. गाइडना मेल केला, आईला फोन केला. मग प्लास्टिकच्या चमच्याने नमुना पुन्हा भरला आणि लूप गायब. तीन महिने पाण्यात. आईला खरं सांगायला आणखी एक आठवडा लागला.

बंगळुरूच्या पेपरची सगळ्यात भक्कम बाजू अशी: तेच कण हवेत किंवा ऑक्सिजनमध्ये खूप तापवून त्यांचे मोठे कण केले की चुंबकत्व जातं. भेसळ असती तर ती कुठे गेली असती? वाचताना पटतं. पण मॅग्नेटाइट हवेत तापवलं की त्याचं हेमॅटाइट होतं, आणि त्याचं चुंबकत्व दोनशेपटींहून क्षीण असतं. लोखंड तिथेच असतं, फक्त गप्प बसतं. त्यामुळे या एका चाचणीवर 'सार्वत्रिक' म्हणणं मला घाईचं वाटतं. निष्कर्ष चुकीचा आहे असं मी म्हणत नाहीये. पुरावा त्या शब्दाला पुरत नाही, इतकंच.

मग सगळंच भेसळीच्या खात्यावर टाकायचं का? तेही नाही. हाफ्नियमवरून अडचणीत आलेल्या त्याच कोईंनी २०१६ मध्ये 'नेचर फिजिक्स'मध्ये मला जास्त पटणारा प्रयोग मांडला. सिरियम ऑक्साइडचे ४ नॅनोमीटरचे कण त्यांनी ॲल्युमिना, लॅटेक्सचे गोळे, आणि चक्क साखरेत मिसळून विखुरले. चुंबकत्व दहापटींपर्यंत घसरलं. लोखंडाच्या कणाला आजूबाजूला साखर आहे की आणखी काय, याने काय फरक पडणार? पण इथे कणांचे शंभरेक नॅनोमीटरचे घोळके जमल्याशिवाय चुंबकत्व दिसतच नव्हतं. हे समजावायला त्यांनी जो सिद्धांत पुढे केला तो माझ्या गळी अजून पूर्ण उतरलेला नाही. चाचणी मात्र लाजवाब आहे: शंका कुठे घ्यायची हे ओळखून रचलेली, आणि तीही स्वयंपाकघरातल्या वस्तूने.

सध्या माझ्या टेबलावर सिरियम ऑक्साइडच्या बाटलीशेजारी साखरेचा डबा आहे. चिमटे प्लास्टिकचे. रॅगलनचे बूट घराच्या दाराबाहेर.