पाटीचे छप्पर आणि खिळ्याचा प्रश्न

मोरा बंदरापासून हाकेच्या अंतरावर माझ्या मामेभावाचे एक जुने गोदाम आहे. सागवानी कैच्या, मंगलोरी कौले, समुद्राच्या बाजूला एक लांब पाखे. त्याच्या आजोबांच्या काळात तिथे मिठाची पोती असत. पुढे जाळी आणि दोर आले, त्यानंतर बरीच वर्षे नुसती धूळ. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणची रेल्वे एकाच दिवशी सुरू झाली आणि या धुळीला भाव आला. आता तिथे खानावळ काढायची आहे, वर चार खोल्या, आणि छप्पर मात्र ‘स्लेट’चे. “दादा, तू वाचणारा माणूस. ही तीन कोटेशनं वाच आणि एक निवडून दे,” असे म्हणून त्याने कागद माझ्यापुढे टाकले. कविता-कादंबऱ्या वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने कोटेशने कशी वाचावीत? जशी कविता वाचतो तशीच, म्हणजे काय लिहिले आहे आणि काय गाळले आहे ते बघत. हा लेख त्या वाचनाचा आहे.

आधी शब्द. स्लेट म्हणजे आपली पाटी. मराठी माणसाने हा दगड मांडीवर घेऊन बाराखडी गिरवली, पण डोक्यावर कधी घेतला नाही. त्याचे कारण भूगर्भात आहे. चिखलाचे थर कोट्यवधी वर्षे दाबले गेले, तापले, की त्यांच्यात एक दिशा तयार होते आणि छिन्नीच्या एका ठोक्याने दगडाची पाने सुटतात. आपला काळा पाषाण लाव्ह्याचा. तो फुटतो, पण सुटत नाही. त्यामुळे किल्ले, घाट, देवळे त्याची झाली, छपरे झाली नाहीत. पाटीची छपरे पाहायची तर धौलाधारच्या पायथ्याशी कांगड्यात जावे लागते. शाळेच्या पाट्या यायच्या त्या आंध्रातल्या मार्कापूरच्या. कोकणात छपराला गवत, मग नळीची कौले, मग मंगलोरी, मग पत्रा. या यादीत पाटी नाही, म्हणून ‘स्लेट रूफ’ला मराठी शब्दही नाही. मी ‘पाटीचे छप्पर’ म्हणतो ते माझ्या सोयीसाठी.

ज्यांच्या देशात पाटीची छपरे घरोघर होती, त्या इंग्रजांनी मुंबईत काय केले? भाऊच्या धक्क्यावर उतरून थोडे आत गेले की क्रॉफर्ड मार्केट लागते, आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. विल्यम इमर्सनने आखलेली ही इमारत १८६९ सालची. तिच्या जमिनीसाठी स्कॉटलंडमधल्या कॅथनेसहून फरशा आणल्या, तोही थराथरांनी सुटणाराच दगड. भाजी-फळांच्या दालनांवर मात्र लोखंडी छप्पर घातले. सातासमुद्रापलीकडून आणलेला पातळ दगड पायाखाली आणि लोखंड डोक्यावर, ही निवड मला त्या इमारतीच्या गॉथिक कमानींपेक्षा जास्त बोलकी वाटते.

आता कोटेशने. सगळ्यात स्वस्त होते ते रंगवलेल्या पोलादी पत्र्याचे. वर दगडाचा चुरा चिकटवलेला, दुरून पाटीसारखे दिसणारे. त्यातली भाषा सर्वांत आत्मविश्वासाची. वॉरंटीचा आकडा ठळक, आणि पान उलटल्यावर बारीक अक्षरांत अपवाद: खाऱ्या पाण्यापासून अमुक अंतराच्या आतल्या इमारतींना ही वॉरंटी लागू नाही. आमच्या गोदामात लाँचचा भोंगा ऐकू येतो. दुसरे कोटेशन सिमेंटच्या तंतुमिश्रित चौकोनांचे. त्यात ‘स्लेट लुक’ हा शब्द नऊ वेळा येतो. ‘लुक’ हा शब्द हल्ली बांधकामात फार माजला आहे. वस्तू काय आहे हे सांगायची लाज वाटली की ती कशासारखी दिसते हे सांगावे, असा त्याचा अर्थ. ही दोन्ही कागदपत्रे मी लगेच बाजूला ठेवली आणि भावाला त्याचे वाईट वाटले नाही.

तिसरे खऱ्या पाटीचे. ते मी तीनदा वाचले, कारण ते बरेचसे प्रामाणिक आहे आणि त्यातच त्याची मेख आहे. आयुष्य शंभर वर्षे, असे त्यात लिहिले आहे. चांगली पाटी तेवढी टिकते, यात खोटे काही नाही. अमेरिकी मानकात सर्वांत वरच्या दर्जाच्या पाटीने पंच्याहत्तर वर्षांहून जास्त टिकावे आणि वजनाच्या पाव टक्क्याहून जास्त पाणी पिऊ नये अशी अपेक्षा असते. नमुन्याचा तुकडा आम्ही बोटाच्या गाठीने वाजवला, खणखणीत वाजला. भिचका आवाज आला असता तर आत तडा किंवा मऊपणा समजायचा. मग तो बादलीत अर्धा बुडवून रात्रभर उभा ठेवला. सकाळी पाण्याच्या रेषेवर ओल जेमतेम चढली होती. कौल असते तर टोकापर्यंत ओले झाले असते. कौल पाणी पिते, शेवाळते, वर्षागणिक काळवंडते. वजनाची भीतीही खोटी निघाली. सहा मिलिमीटरची पाटी छपरावर सगळीकडे दुहेरी आणि चढीच्या जागी तिहेरी बसते. एका चौरस मीटरला पस्तीस-चाळीस किलो. मंगलोरी कौलेही जवळपास तेवढीच भरतात. म्हणजे जुन्या कैच्या शाबूत असतील तर त्या हा भार पेलतील. दगडाबद्दलचे माझे सगळे आक्षेप त्या रात्री बादलीत विरघळले.

मग कोटेशनच्या शेवटी एक ओळ दिसली: ‘इतर साहित्य, एकरकमी’.

पाटीच्या छपराचे मर्म या ‘इतर’मध्ये आहे. प्रत्येक पाटी दोन खिळ्यांवर लटकते. जिथे शतकभर ही छपरे आहेत तिथला अनुभव असा की दगड मरत नाही, खिळा मरतो. लोखंडी खिळा गंजतो, एकेक पाटी निसटते, आणि एक दिवस धडधाकट दगडांचे अख्खे पाखे उतरवावे लागते. इंग्रजीत या दुखण्याला खिळ्यांचा आजार अशा अर्थाचे नावच आहे. थंड प्रदेशात हे व्हायला दोन पिढ्या लागतात. मोऱ्याच्या हवेत जस्त चढवलेल्या खिळ्याला किती वर्षे द्यायची? आमच्या अंगणातल्या फाटकाच्या बिजागऱ्या दर काही पावसाळ्यांनी बदलाव्या लागतात. तिथे खिळा तांब्याचा हवा, नाहीतर समुद्रकाठी वापरतात त्या दर्जाच्या स्टेनलेस पोलादाचा. शंभर वर्षे लिहिणाऱ्याने खिळ्याचा धातू लिहिला नव्हता. भावाने फोन करून विचारले, तेव्हा उत्तर आले, “ते सगळं त्यात येतं.”

मंगलोरी कौल खिळ्यावर लटकत नाही. त्याच्या पाठीला एक नाक असते, ते रीपेत अडकते. शेजारच्या कौलाच्या खाचेत कड बसते. वळचणीची आणि कोन्याची ओळ बांधली की बाकीचे आपल्या वजनावर बसते. हे काही आपल्या मातीचे सनातन ज्ञान नव्हे, हे देशीवादाच्या उत्साहात विसरू नये. अशा खाचेच्या कौलाची युक्ती अल्सासच्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली काढली आणि बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्टने १८६५ साली मंगळुरात पहिला कारखाना काढला. नेत्रावतीची माती, किनाऱ्याची गलबते, आणि कौले बंदराबंदरावर उतरली. गोदामावरचे एक कौल उलटवून पाहिले तर त्यावर मंगळूरचे नाव अजून वाचता येते. नळीच्या कौलांना दर वैशाखात शाकारणी लागे. मांजर गेले तरी कौल सरके. मंगलोरी कौलाने तो वार्षिक खटाटोप बराच कमी केला, म्हणून ते परके असूनही घरचे झाले.

परके छप्पर घरचे होते ते दुरुस्तीमुळे. हा माझा या सगळ्या प्रकरणातला मुख्य मुद्दा आहे. कौल फुटले तर कोळीवाड्यातला कोणीही पोरगा वर चढून हाताने ते उचलतो आणि दुसरे सरकवतो. पाखाच्या मधली एक पाटी फुटली तर वरच्या दोन ओळींच्या पोटात आकड्याची लांब पट्टी घालून न दिसणारे खिळे तोडावे लागतात, नवी पाटी सरकवून तांब्याच्या पट्टीने अडकवावी लागते, आणि हे करताना शेजारच्या चार फोडायच्या नाहीत. ते शिकलेला माणूस कांगड्यात आहे, वेल्समध्ये आहे. वेल्सचा पाटी-प्रदेश २०२१ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात खाणींबरोबर रेल्वे, बंदरे आणि कामगारांची गावेही आहेत. आपण त्यातला फक्त दगड मागवतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरूडकडे जे पाहिले ते अजून डोळ्यांपुढे आहे: छपरे उडालेली, पावसाळा तोंडावर, आणि माणसे ताडपत्रीखाली शाकारणाऱ्याची वाट पाहत. ज्याचे कारागीर गावात नाहीत असे छप्पर त्या आठवड्यात कोणाच्या कामाचे?

भाऊ म्हणाला, “पण मुंबईहून येणारा माणूस कौलं बघायला येणार आहे का?” हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. त्याने कर्ज काढले आहे. ओहोटीला लाँच थांबते तेव्हा धक्क्यावर खोळंबलेला प्रवासी कुठे जाऊन बसेल, यावर त्याचे हप्ते अवलंबून आहेत, आणि गडद राखाडी दगडाचे छप्पर फोटोत देखणे दिसते हे खरे आहे. माझे सौंदर्याचे मत त्याच्या हप्त्यांवर लादण्याचा मला अधिकार नाही. मी त्याला एवढेच लिहून दिले की पाटी घ्यायचीच असेल तर खिळ्याचा धातू, दोन पाट्यांमधली चढ, समुद्राकडच्या पाख्याचा उतार आणि दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचा पत्ता, या चार गोष्टी कोटेशनमध्ये शब्दांत हव्यात, ‘इतर’मध्ये नकोत.

सुधारित कोटेशन तीन आठवड्यांनी आले. खिळे तांब्याचे झाले होते, रक्कम वाढली होती, चढ आणि उतार लिहिले होते. पत्त्याची जागा कोरी होती. गणपतीच्या आधी उरणहून सुतार आला, वर चढून त्याने कौले मोजली. एक-तृतीयांश बदलावी लागतील, रीपा सगळ्या नव्या, कैच्यांना काही झालेले नाही. समुद्राकडच्या पाख्याला खालून फळ्या मारल्या तर झडीचे पाणी आत येणार नाही, असे तो म्हणाला. भावाने त्याला फळ्यांचा भाव विचारला.

नमुन्याची ती पाटी सध्या गोदामाच्या गल्ल्यावर आहे. सुतार तिच्यावर खडूने रीपांचा हिशेब मांडतो.