'असे मानले जाईल'

मंडळी, मागच्या खेपेला न्यायशास्त्रातल्या आहार्य ज्ञानाबद्दल आम्ही बोललो होतो. एखादी गोष्ट तशी नाही हे पक्कं ठाऊक असताना ती तशी आहे असं इच्छेने धरून चालायचं, ते आहार्य. समोरचा नट राम नव्हे हे आपल्याला माहीत असतं, तरी तीन तास आपण त्याला राम मानतो. आज याचंच एक कोरडं, व्यवहारातलं उदाहरण घेऊ. ब्रिटनमध्ये 2013 साली युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीची नियमावली आली. तिच्यातल्या सत्त्याहत्तराव्या नियमाची आज आम्हांला समीक्षा करायची आहे.

निमित्त आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं. तर्कशास्त्र आमच्याकडे शिकला, मग संगणकाकडे वळला, इंग्लंडला गेला आणि तिथलाच नागरिक झाला. (नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला सहसा अशी मदत मागताच येत नाही, म्हणून हे सांगितलं.) तिथे कंत्राटी काम करणारे बरेच जण स्वतःची छोटी कंपनी काढतात. आपणच मालक, आपणच संचालक, आपणच कामगार. कंपनीकडून पगार घ्यायचा जेमतेम, वर्षाला 12,570 पौंड, कारण तेवढ्यावर आयकर नाही. बाकीचा नफा लाभांश म्हणून काढायचा. काही जण पगार याहूनही खाली ठेवतात. 2025-26 साली वर्षाला 6,500 पौंड पगार दाखवला, की कामगाराच्या वाट्याची राष्ट्रीय विम्याची वर्गणी एक पेनीही भरावी लागत नव्हती, पण पूर्ण सरकारी पेन्शनसाठी लागणाऱ्या 35 वर्षांतलं एक वर्ष मात्र जमा व्हायचं. यात बेकायदा काही नाही, बरं का.

मग याची कंत्राटं आटली. कोणीतरी सुचवलं, तुझा पगार कागदावर कमीच आहे, मदत माग. त्याने आम्हांला विचारलं, "सर, पगार कमी, म्हणजे मी गरीब का?" हे विचारताना त्याचा आवाज खाली गेला होता, ते आमच्या लक्षात राहिलंय.

इंग्लंडचा कायदा या बाबतीत मोठा ठाम. व्हाइटचॅपेलमधल्या सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्याने कंपनी काढली. 20,007 भागांपैकी 20,001 त्याचे स्वतःचे, उरलेले सहा बायकोमुलांचे. कंपनी बुडाली तेव्हा देणेकरी म्हणाले, हा माणूस म्हणजेच कंपनी. 1896 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, नाही. माणूस वेगळा, कंपनी वेगळी. याहून आमच्या प्रश्नाजवळचा खटला न्यूझीलंडचा. ली नावाचा वैमानिक. कंपनीच्या 3,000 भागांपैकी 2,999 त्याचे, आणि तिचा पगारी वैमानिकही तोच. 1956 साली शेतावर विमानातून खत टाकताना अपघातात गेला. विधवेने कामगाराची भरपाई मागितली. तिथलं अपील न्यायालय म्हणालं, स्वतःच स्वतःला हुकूम देणारा कामगार कसा? पण 1960 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. हुकूम देणारी कंपनी, ऐकणारा ली. बाईंना भरपाई मिळायचा मार्ग मोकळा झाला.

आता सत्त्याहत्तरावा नियम वाचा. कंपनीतलं तुमचं स्थान एकट्या मालकासारखं किंवा भागीदारासारखं असेल, तर कंपनीचं उत्पन्न तुमचं मानलं जाईल. ते तुमचं मुख्य काम असेल, तर तुम्ही स्वयंरोजगारी मानले जाल. म्हणजे सॉलोमनने उभी केलेली भिंत दार न ठोठावताच ओलांडली. पगार किती दाखवलात, नफा कंपनीतच ठेवलात का, हे कोणी विचारतच नाही.

इथवर आम्हांला हा नियम मान्य आहे, तेही अर्ध्या मनाने नव्हे. साठ हजार कमावणाऱ्याने बारा हजारांचा कागद दाखवून गरिबांच्या रांगेत उभं राहू नये. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे: पगार कमी म्हणून तू गरीब नाहीस, कंपनीत काही आलंच नाही, तर आहेस, आणि मग लाज वाटायचं कारण नाही.

आमची तक्रार पुढे आहे. 2020 साली टाळेबंदीत त्याच सरकारने पगाराच्या 80 टक्के, महिना 2,500 पौंडांपर्यंत, द्यायची योजना काढली. संचालकांना सांगितलं, तुम्ही कंपनीचे नोकर, तेव्हा तुमच्या त्या जेमतेम पगाराचे 80 टक्के घ्या. लाभांश मोजणार नाही. स्वयंरोजगाऱ्यांसाठी वेगळी योजना होती, तिथे म्हणाले, तुम्ही स्वयंरोजगारी नव्हे. कारण असं दिलं, की लाभांश स्वतःच्या कंपनीचा की बाजारातून घेतलेल्या शेअर्सचा, हे करखात्याला ओळखता येत नाही. अडचण खरी असेल. पण मदतीच्या कार्यालयात हाच माणूस दरमहा आपल्या कंपनीची जमाखर्चाची आकडेवारी भरतो आणि ती चालते. मोजताना माणूस आणि कंपनी एक, देताना दोन! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आरोप करायचा तर खुशाल करा. पण एकदा नटाला राम मानलंत, की वनवासातही तो रामच असला पाहिजे.

याच नियमाच्या पोटात आणखी एक 'मानले जाईल' आहे. पहिलं वर्ष सवलतीचं. त्यानंतर तुम्ही किमान इतकं कमावलंत असं धरलं जातं. सहसा आठवड्याला 35 तास, किमान वेतनाच्या दराने. 2025-26 सालच्या ताशी 12.21 पौंडांनी महिन्याचे सुमारे 1,850, आणि कर-वर्गणी वजा जाता सोळाशेच्या आसपास. आधीच्या आरोपात निदान कंपनीत आलेले पैसे तरी खरे होते. इथे न आलेल्या पैशांनाच आलेले मानायचं. धंदा आळसाने चालवणाऱ्याला सरकारने पोसू नये, हा हेतू आम्हांला कळतो. पण गिऱ्हाईक मिळत नाही तो आळशी, हे कुठल्या प्रमाणाने सिद्ध झालं?

आमच्या विद्यार्थ्याला हा तेरावा महिना लागला आहे. परवा त्याने हिशेब भरला. जमेच्या रकान्यात शून्य लिहिलं. तिकडून उत्तर आलं, त्यात सोळाशे धरले होते.