‘ल’ची पाकळी

यवतमाळच्या माझ्या घरी आजोबांच्या वेळचा निर्णयसागरी अमरकोश आहे. परवा पुसदच्या एका स्नेह्याने संगणकावर टंकून धाडलेले पत्र मी खुणेसाठी त्यातच ठेवले, आणि दोन अक्षरशिल्पी समोरासमोर आले. एक राणोजी रावजी आरू, दुसरे र. कृ. जोशी.

जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्याचे नामांकित टाइप घडले ते आरूंच्या हातून. पोलादी ठशावर उलटे अक्षर कोरायचे, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात शिसे ओतायचे. आकार बदलला की सारे पुन्हा. मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे मिळून शेकडो खिळ्यांचा तो संसार. तरीही ओळ एकाच बोरूने लिहिल्यासारखी दिसते. वाचक अर्थात शिरतो आणि अक्षर अदबीने बाजूला होते. आरूंचे मोठेपण मला यात दिसते.

जोशींचा (१९३६–२००८) पिंड निराळा. ते अक्षरातून चित्र उभे करणारे सुलेखनकार; पवईच्या आय.आय.टी.तले अध्यापक. अशा माणसाने ‘मंगल’ घडवताना मात्र सारी हौस आवरली. विंडोज २००० बरोबर आलेला हा टंक पडद्यावरच्या मोजक्या ठिपक्यांतही वाचता येतो, कारण त्याची रेषा साधी आणि अक्षरांची पोटे मोकळी आहेत. कलावंताने स्वतःला पुसून टाकणे सोपे नव्हे. येथे जोशी आरूंचे खरे वारस ठरतात.

तरीही माझी एक तक्रार आहे. अमरकोशातल्या ‘ल’ला दोन पाकळ्या आहेत; पत्रातला मंगलचा ‘ल’ हिंदी वळणाचा आहे. जोशींना मराठी वळण ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पण एकच टंक साऱ्या देवनागरी भाषांना पुरवायचा म्हटले, की थोरल्या घरचे वळण पुढे येते. आरूंचा दोष एखाद्या छापखान्यापुरता राहिला असता. जोशींची निवड एकदम लाखो पडद्यांवर गेली. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण ठरवले. मात्र कागदावरच्या निर्णयाने संगणकातले अक्षर वळत नाही. ते कुणीतरी घडवावे लागते आणि आपण निवडावे लागते.

आज मराठी वळणाचे टंक मिळतात. तरी पुसद-वणीची मुले पाटीवर एक ‘ल’ गिरवतात आणि पडद्यावर दुसरा वाचतात. याचा दोष जोशींच्या माथी मारण्याआधी, आयते आले ते मुकाट्याने वापरणाऱ्या आपण मराठी वाचकांनी आपला वाटा मोजावा.