दास्य आणि वेठ : भिलाईच्या भूमीवरून 'दासबोधा'चा एक विचार

ईश्वराचे मोठेपण एकदा मान्य केले की मनुष्याने त्याला कोणता प्रतिसाद द्यावा, हा भक्तिवाङ्मयातील मूलभूत प्रश्न होय. विस्मय, स्तुती, भय, शरणागती ही त्याची परिचित उत्तरे आहेत. परंतु 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी या प्रश्नाची मांडणी ज्या दृष्टांताने केली, तो दृष्टांत काव्यदृष्ट्या जितका प्रभावी आहे तितकाच वैचारिक दृष्ट्या धोक्याचाही आहे. टीकाकारांनी त्याच्या प्रभावाची दखल घेतली. धोक्याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेले नाही, असे वाटते.

'दासबोधा'च्या सहाव्या दशकाचा आरंभ देवशोधनाने होतो. एखाद्या गावात वा देशात राहावयाचे असेल, तर तेथील प्रभूची भेट घेतल्यावाचून सुख नाही, असे समर्थ सांगतात. भेट न घेणाऱ्या परक्यास मान मिळत नाही. त्याला बिगारीस धरतात, न केलेल्या चोरीचा आळही त्याच्यावर येतो. येथून ग्रामाधिपती, देशाधिपती, राजा, महाराजा, चक्रवर्ती अशी पायऱ्यापायऱ्यांनी सत्ता उंचावत जाते आणि शेवटी ब्रह्मदेवालाही निर्माण करणारा कोण, या प्रश्नाशी वाचक येऊन थांबतो.

भिलाईत हा समास वाचणाऱ्यास त्याची धार विशेष जाणवते. 1955 च्या फेब्रुवारीत भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा आणि नागपूर ही एकाच राज्यात होती व त्या राज्याची राजधानी नागपूर हीच होती. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचनेने विदर्भ व छत्तीसगढ यांची फारकत झाली. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या नगरीत प्रांतोप्रांतीचे लोक आले. त्यांत मराठी कुटुंबेही होती. नव्या गावी आलेल्या माणसाने प्रथम कोणाला भेटावे, कोणाचा शब्द प्रमाण मानावा, हा प्रश्न येथे केवळ दृष्टांतातला नव्हता. आणि वेठबिगार हा शब्द तर छत्तीसगढच्या जुन्या खेड्यांना अनुभवानेच परिचित होता.

आता धोका कोठे आहे ते पाहू. ईश्वराचे मोठेपण सत्तेच्या शिडीवरून दाखवले, की ईश्वर म्हणजे सर्वांत मोठा सत्ताधीश, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. मग श्रद्धा म्हणजे भय आणि आज्ञापालन म्हणजे बिगार टाळण्याची युक्ती, एवढेच उरते. मात्र समर्थांची शिडी शेवटच्या पायरीवर मोडते, किंबहुना त्यांनी ती हेतुपूर्वक मोडली आहे. चक्रवर्तीपर्यंतच्या प्रभूंना भेटावयाचे असते. त्यापलीकडच्या निर्मात्याला ओळखावयाचे असते. भेटीला नजराणा पुरतो. ओळखीला विवेक लागतो. ज्याची ओळख पटलेली नाही त्याचे आज्ञापालन ही वेठच होय, असा याचा तर्कप्राप्त अर्थ आहे.

चौथ्या दशकातील नवविधा भक्तीचे निरूपण या अर्थाला पुष्टी देते. दास्यभक्तीच्या समासात भावविवशता जवळजवळ नाही. आहे ती कामांची यादी. पडेल ते काम करावे, भंगलेली देवालये उभारावीत, मोडलेली सरोवरे बांधावीत, धर्मशाळा चालवाव्यात, जीर्ण झाले असेल त्याचा जीर्णोद्धार करावा. रसिकाला ही यादी रुक्ष वाटेल. परंतु समर्थांचे वैशिष्ट्य नेमके येथेच आहे. मोठेपणापुढे दिपून उभे राहणे त्यांना पुरेसे वाटत नाही. अंतःकरणपूर्वक श्रद्धेची खूण ते मोडलेल्या बांधाच्या दुरुस्तीत शोधतात. बाहेरून पाहता बिगाऱ्याचे श्रम आणि दासाचे श्रम एकच. भेद आहे तो श्रमाच्या उगमाचा. पुढील सख्यभक्तीच्या समासात तो स्पष्ट होतो. आपली इच्छा पुरली नाही तरी देवावर रुसू नये, असे तेथे सांगितले आहे. बिगाऱ्याला मित्रत्वाची मुभा नसते. दासाला ती आहे. आणि नवव्या भक्तीत, आत्मनिवेदनात, 'मी कोण' याचाच शोध सुरू झाल्यावर आज्ञा देणारा व पाळणारा हे द्वैतही टिकत नाही.

ही मांडणी कसोटीला लावणारे एक चरित्र या प्रदेशातच घडले आहे. माधवराव सप्रे यांनी 1900 साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' काढले. मातृभाषा मराठी, लेखन हिंदी. त्यांच्या 'एक टोकरी भर मिट्टी' या 1901 मधील कथेत विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराला मातीची एक टोपली उचलवत नाही आणि त्याचे डोळे उघडतात. सत्तेच्या शिडीची एक पायरी तेथे ढासळते. पुढे 1908 मध्ये 'हिंदी केसरी'तील लेखनाबद्दल सप्रे यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि माफीपत्र दिल्यावर त्यांची सुटका झाली. त्यानंतर ते वर्ध्याच्या हनुमानगढावर रामदासी साधनेकडे वळले. 'दासबोध' हिंदीत आणला तो त्यांनीच. 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिळकांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवादही त्यांचाच.

या घटनाक्रमावरून मानसशास्त्रीय निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. तथापि एवढे म्हणता येईल की, राजसत्तेपुढे एकदा वाकावे लागलेल्या लेखकाने नंतर दास्याची मीमांसा करणारा ग्रंथ दुसऱ्या भाषेत शब्दशब्दाने उभा केला, ही गोष्ट अर्थशून्य नाही. अनुवाद हेही दास्यच; परंतु वेठ नव्हे.

समर्थांची मर्यादाही येथेच नोंदविली पाहिजे. त्यांच्या यादीतला दास देवद्वारी सदैव सन्निध असतो; ज्याला त्या द्वारापर्यंत येऊच दिले जात नाही, त्याचा विचार ती यादी करीत नाही. 1756 साली गिरौदपुरीस जन्मलेल्या गुरू घासीदासांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडविला. निराकार सतनाम हेच मोठेपण. मूर्तिपूजा, मद्य, मांस व जातिभेद यांचा त्याग हेच त्याचे पालन. तेथे जीर्णोद्धारास देवालय नाही. माणसाचे आचरण तेवढे आहे. समर्थ सहाव्या दशकात निर्गुणापर्यंत पोहोचतात, परंतु त्या निर्गुणाचा सामाजिक परिणाम काढीत नाहीत. घासीदासांनी तो काढला.

म्हणून 'दासबोधा'चे आजचे वाचन दोन सावधगिरी बाळगून झाले पाहिजे. त्यातील आज्ञापालनाला अंधानुसरण समजणे हा ग्रंथावर अन्याय होईल, कारण तेथे ओळख आधी आणि सेवा नंतर आहे. परंतु त्यातील देवद्वार सर्वांना सारखेच उघडे होते असे मानणे हा इतिहासावर अन्याय होईल. ईश्वराचे मोठेपण खरोखर मानणाऱ्याने मोडलेला बांध दुरुस्त करावा, ही समर्थांची शिकवण आहे. बंद दाराचीही गणना मोडलेल्या वस्तूंत करावी, एवढी भर तिच्यात घालणे हे तिच्या वाचकाचे काम आहे.