एक वाक्यसुद्धा चालेल!

एप्रिल १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर या अमेरिकी विद्यार्थ्याने ‘आरएफसी ३’ हे छोटेसे टिपण लिहिले. आरएफसी म्हणजे ‘अभिप्राय हवा आहे’. संगणक एकमेकांशी कसे जोडावेत, यावर टिपणे लिहिण्याचे नियम त्यात आहेत. विचार अर्धवट असला तरी चालेल, उत्तराविना नुसता प्रश्नही चालेल. लांबी किमान एक वाक्य! लिहिलेले ते अधिकृत मानले जाते, या भीतीने माणसे लिहीत नाहीत, हे त्याने अचूक हेरले होते.

याच टिपणमालेतून पुढे इंटरनेटची मानके घडली. ती ठरवणाऱ्या, १९८६ साली सुरू झालेल्या आयईटीएफ या स्वयंसेवी मंडळात आजही सदस्यत्व लागत नाही. मसुदा कोणीही पाठवावा. तरीही तरुणांना आणण्यासाठी प्रयत्न करावे लागतात. असे का?

माझ्या मते उत्तर टिपणातच आहे. प्रती कोणाकोणाला पाठवायच्या, त्यांची नावे त्यात दिली आहेत. म्हणजे लिहिणाऱ्याला वाचक ठरलेला होता. आज मसुदा सुधारून पुन्हा दिला नाही, तर सहा महिन्यांत त्याची मुदत संपते. अभिप्रायच मिळाला नाही, तर नवखा सुधारणार काय?

वर्गात ‘शंका विचारा’ एवढेच सांगून थांबणाऱ्यांनीही हे टिपण जरूर वाचावे.