चित्र, जाहिरात आणि संनिधी

भोगावती नदीवरील राधानगरी धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय भरला की ते आपोआप उघडतात आणि त्यांचे छायाचित्र वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर तत्काळ येते. २०१९ व २०२१ चे महापूर अनुभवलेल्या कोल्हापूरकरास त्या चित्राचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. भोगावतीचे पाणी पंचगंगेस मिळणार, हे त्यास ठाऊक असते. आता समजा, त्या चित्रालगतच जलाशयाकाठच्या निवांत मुक्कामाची जाहिरात झळकली. चित्र बदललेले नाही, वृत्तही बदललेले नाही. परंतु वाचकाने जे वाचले ते मात्र निराळेच झाले.

संकेतस्थळावरील संदर्भानुसारी जाहिरातींच्या शेजारी चित्रे कशी ठेवावीत, यासंबंधीच्या नियमांचा विचार येथून सुरू करणे योग्य ठरेल. २००३ मध्ये आरंभ झालेल्या गूगलच्या 'अ‍ॅडसेन्स' योजनेने डिसेंबर २००६ मध्ये याविषयी एक खुलासा केला. चित्र आणि जाहिरात यांचा काही संबंध आहे असे सूचित होईल, अशा रीतीने ती ओळीने मांडू नयेत, असा त्याचा आशय होता. चार जाहिरातींच्या माथ्यावर नेमकी चार लहान चित्रे बसविण्याची क्लृप्ती त्या काळी बोकाळली होती. राधानगरीच्या अरण्यावरील पानावर गवा, शेकरू, धनेश व जलाशय अशी चित्रे आणि त्यांखाली चार जाहिराती आल्या, तर प्रत्येक चित्र आपापल्या जाहिरातीचेच आहे असे वाचक मानणार. त्याच खुलाशातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. दोहोंमध्ये रेघ ओढली अथवा थोडी जागा सोडली, एवढ्याने दोष जात नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले होते.

व्यापारी संस्थेच्या नियमावलीत अर्थविचाराची इतकी सूक्ष्म जाण क्वचितच आढळते. वाक्यार्थबोधास आकांक्षा, योग्यता आणि संनिधी ही तिन्ही आवश्यक आहेत, असे आपल्याकडील शास्त्रकार सांगतात. अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या कारणांमध्ये भर्तृहरीने अन्य शब्दाची संनिधीही गणली आहे आणि मम्मटाने व्यंजनेच्या विवेचनात तिचा आधार घेतला आहे. शेजारी ठेवलेल्या दोन वस्तूंचे वाचक आपल्या मनात एक वाक्य करतो. मध्ये ओढलेल्या रेघेने त्याची आकांक्षा शमत नाही.

तथापि येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. बाबूराव पेंटरांनी 'कल्याण खजिना' या चित्रपटासाठी १९२४ मध्ये भित्तिपत्रक रंगविले, तेव्हा चित्र आणि आवाहन एकाच संकल्पातून निघाले होते. संकेतस्थळाच्या पानास असा एक कर्ता नसतो. चित्र संपादक निवडतो, जाहिरात यंत्र निवडते. पानावरील शब्द, त्यांची वारंवारता, अक्षरांचा आकार यांवरून यंत्र विषय ताडते. अनेकदा तर पानाकडे न पाहता वाचकाच्या पूर्वीच्या भ्रमंतीवरूनच जाहिरात ठरते. 'राधानगरी' आणि 'जलाशय' हे शब्द पर्यटनाच्या लेखात येतात तसेच पुराच्या वृत्तातही येतात. योग्यतेचा विचार करणारा येथे कोणीच नाही, आणि तरीही वाक्य तयार होते.

नियमाची मर्यादा येथेच उघड होते. चित्रामुळे जाहिरातीविषयी होणारा भ्रम तो जाणतो. जाहिरातीमुळे चित्राच्या अर्थास येणारी विकृती त्याच्या कक्षेत येत नाही. कारण सरळ आहे. दर टिचकीमागे पैसे मोजणाऱ्या जाहिरातदारास भ्रमाने पडलेली टिचकी नको असते. पुराच्या चित्राचे गांभीर्य हरपले, तर कोणाचेही देयक चुकत नाही. भारत सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक सूचनांत तेरा फसव्या रचनांमध्ये प्रच्छन्न जाहिरातीचा समावेश आहे. तिचा रोखही मजकुराचा वेश घेणाऱ्या जाहिरातीवरच आहे. उघड वेशात येऊन शेजारच्या मजकुराचा अर्थ पालटणारी जाहिरात तीतही निर्दोष ठरते.

हा प्रश्न केवळ पुराच्या वृत्तापुरता नाही. दाजीपूरचे अरण्य १९५८ मध्ये गव्यांसाठी राखले गेले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची गणना झाली. गव्याच्या अधिवासाविषयी लिहिलेल्या लेखातील चित्र निवासगृहांच्या जाहिरातींनी वेढले की गवा हा प्राणी न राहता मुक्कामाचे आकर्षण होऊन बसतो. पर्यटनावर उपजीविका असणाऱ्या स्थानिकांना ही जाहिरात हवीच असणार, आणि त्यात गैर काही नाही. पण तिच्यासाठी तोच लेख आणि तेच चित्र लागत नाही.

विशिष्ट पानावर जाहिरात न घेण्याची अथवा काही वर्गांतील जाहिराती वगळण्याची मुभा संपादकास आजही आहे. धरणाच्या विसर्गाचे वृत्त लावताना ती वापरावी, असे मात्र कोणताही नियम त्यास सांगत नाही. आणि वृत्ताचे पान सर्वाधिक पाहिले जाते ते नेमके त्याच दिवशी.